उद्या मला काही झालं तर तिचं काय?

न्यूयॉर्कला नोकरी लागली आहे, जोडीदारीण पुण्यात सहा वर्षं सोबत राहते आहे. तिला आणायला एवढं पुरेल का, आणि उद्या मला काही झालं तर तिला काय मिळेल, असं तू विचारलंस. दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, म्हणून आधी तोच घेते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तुमच्यासारख्या समलिंगी जोडीदारांचे काय हाल झाले ते समजून घे. तेव्हा अमेरिकेतल्या एकाही राज्यात त्यांना लग्न करता येत नव्हतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारने मृतांच्या घरच्यांसाठी काढलेल्या भरपाई निधीचं काम केनेथ फाइनबर्ग यांच्याकडे होतं. मृत्युपत्र नसेल तिथे त्यांनी मृताच्या राज्याचा वारसा कायदा धरला. म्हणजे वर्षानुवर्षं संसार केलेल्या माणसाला मृताच्या आईवडील-भावंडांच्या मर्जीवर राहावं लागलं. न्यूयॉर्कचे गव्हर्नर पटाकी यांनी ऑक्टोबर २००१ मध्येच गुन्हेपीडितांची मदत या जोडीदारांना लागू केली. २००२ मध्ये कामगार भरपाईही मिळाली, पण फक्त त्या हल्ल्यात गेलेल्यांच्या जोडीदारांना. त्याच दिवशी हल्ला झालेलं पेंटागॉन, म्हणजे संरक्षण खात्याचं मुख्यालय, व्हर्जिनियात; त्या राज्याने तर हात वर केले.

फादर मायकल जज हे न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे धर्मगुरू, स्वतः समलिंगी, त्या हल्ल्यातल्या मृतांच्या नोंदीत पहिले. ड्यूटीवर मरण आलेल्यांच्या घरच्यांना केंद्राकडून अडीच लाख डॉलर मिळत, पण पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील असतील तरच. जून २००२ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला: नवरा-बायको, मुलं नसतील तर विम्याच्या फॉर्मवर ज्याचं नाव, त्याला पैसे. नातं कोणतं, हे विचारायचं नाही. इतक्या मोठ्या दुःखातही शेवटी कागदावरचं नावच कामाला आलं, याचा मला आजही संताप येतो.

आता तुझा पहिला प्रश्न. २०१५ पासून समलिंगी लग्न अख्ख्या अमेरिकेत वैध आहे. त्यामुळे नुसतं सोबत राहणं चालणार नाही. एच-४, म्हणजे तिथे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या नवरा-बायकोला मिळणारा व्हिसा, त्यासाठी कायदेशीर लग्न लागतंच. भारतात ते होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला. पण जिथे झालं तिथे वैध असलेलं लग्न अमेरिकेत धरतात. न्यूयॉर्क शहरात परदेशी नागरिकांनाही परवाना मिळतो: ३५ डॉलर भरायचे, २४ तास थांबायचं. तिने कोणत्या व्हिसावर यायचं, परत कधी जायचं, हे मात्र इमिग्रेशन वकिलाला विचारूनच ठरवा.

लग्न होईपर्यंतचा काळ सगळ्यात धोक्याचा. रुजू झालीस की लगेच एचआरच्या पोर्टलवर आयुर्विमा आणि ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीसाठीचं बचत खातं, दोन्हींत तिला बेनिफिशरी कर. लग्नानंतर ४०१(के) वर बायकोचा हक्क आपोआप येतो; त्याआधी फॉर्म कोरा राहिला तर ती बाहेरची ठरेल. मृत्युपत्रही कर, न्यूयॉर्कमध्ये दोन साक्षीदार लागतात.

निघण्याआधी पुण्यातलं बँक खातं दोघींच्या नावावर करून घे. समलिंगी जोडीदारांना एकत्र खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थमंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. बँकेत कुणी टाळाटाळ केली तर ते पत्रक सरळ पुढे ठेव.