गळ्यातील माळ आणि कामाची जागा

तुम्ही या मंचावर लिहिले आहे की, घरात तीन पिढ्यांची वारी आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे आणि जळगावच्या एमआयडीसीतील पाइपच्या कारखान्यात अकाउंट्स विभागात लागून चार महिने झाले आहेत. स्टॉक मोजायला प्लांटमध्ये जाताना सुपरवायझरने माळ काढून ठेवायला सांगितले, आणि विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही रोज सकाळी जो अभंग टाकता त्यावर एका सहकाऱ्याने हरकत घेतली. दोन्ही ठिकाणी आपल्या श्रद्धेलाच विरोध होतो आहे, असे तुम्हाला वाटते. मी याच जिल्ह्यातील एका पतसंस्थेत एकतीस वर्षे नोकरी केली, त्यांतली शेवटची नऊ वर्षे शाखाधिकारी होतो, आणि माळ माझ्याही गळ्यात आहे. माझ्या मते या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत.

आधी माळेविषयी. माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात घातल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही, अशी आमच्या घरची रीत आहे; त्यामुळे ‘काढून ठेवा’ हे शब्द कानावर पडल्यावर तुम्हाला काय वाटले असेल, हे मला कोणी समजावून सांगायला नको. तरीही सुपरवायझरच्या जागी उभे राहून पाहा. प्लांटमध्ये फिरते रोलर असतात, पट्टे असतात, खराब पाइप बारीक करणारा ग्राइंडर असतो. पूर्वी माळ सुती दोऱ्यात ओवलेली असे आणि ओढ बसली की तुटे. आता बऱ्याच माळा नायलॉनच्या दोऱ्यात किंवा तारेत गुंफलेल्या मिळतात, त्या सहज तुटत नाहीत, माणसालाच ओढून नेतात. चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट बसणारे असावेत, हा दंडक १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून चालत आलेला आहे आणि त्यामागे अनेकांचे हात आणि जीव गेलेले आहेत. म्हणून गळ्यालगत बसणारी एकपदरी माळ करून घ्या, प्लांटमध्ये जाताना वरपर्यंत बटणे लावलेला सदरा घाला, आणि एवढ्याने चालेल का, असे सुपरवायझरला सरळ विचारा. यंत्रापासून दूर, आखलेल्या वाटेनेच जायचे असेल तर बहुधा चालेल. तसे नसेल, तर त्या भागातील मोजणी दुसऱ्याने करावी आणि त्याच्या बदल्यात त्याचे काही काम तुम्ही घ्यावे, अशी विनंती करता येते.

मात्र एक गोष्ट डोळसपणे पाहा. तोच नियम सोन्याच्या साखळीला, तावीजाला, गळ्यातील क्रुसाला आणि लोंबत्या ओळखपत्राला लागू आहे का? असेल, तर तो सुरक्षेचा नियम आहे आणि मनात किंतु न धरता पाळावा. फक्त तुमच्याच माळेला लागू असेल, तर मनुष्यबळ विभागाकडे लेखी तक्रार करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

मंचावरील काही सदस्यांनी तुम्हाला राज्यघटनेचा आधार घ्यायला सुचवले आहे, त्याविषयी थोडक्यात लिहितो. अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देतो, पण त्याची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीनतेने होते. शिवाय हा हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागायचा असतो. शासकीय नोकरीत केवळ धर्मावरून भेदभाव करण्यास अनुच्छेद १६ मनाई करतो. खासगी कारखान्यात मात्र आधी कंपनीची सेवा-नियमावली आणि तुमचे नेमणूकपत्र वाचावे लागेल.

आता ग्रुपविषयी, आणि इथे मी तुमच्या सहकाऱ्याच्या बाजूने आहे. भजनी मंडळाच्या ग्रुपमध्ये माणूस आपणहून येतो आणि मनात आले तर बाहेर पडतो. कामाच्या ग्रुपमधून त्याला बाहेर पडता येत नाही, कारण उद्याच्या पाळीची सूचना तिथेच येणार असते. अभंगात वाईट काही नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्यापुढे रोज सकाळी तो ठेवला जातो. हे मी अधिकाराने सांगत नाही, माझ्या हातून जे घडले त्यावरून सांगतो.

आमच्या शाखेत दर वर्धापनदिनी सत्यनारायण होत असे. वर्गणीची वही मीच फिरवत असे. पहिल्या ओळीत माझे नाव, पुढे पाचशे एक रुपये, आणि खाली क्रमाने सगळ्यांची नावे. शाखाधिकारी झाल्यानंतरच्या पाचव्या वर्षी पूजा आटोपली आणि मी काही कामासाठी मागच्या दाराने बाहेर गेलो. सायकली लावायच्या पत्र्याच्या शेडखाली आमचे शिपाई उभे होते. हातातला शिऱ्याचा द्रोण, वर केळ्याचे काप आणि तुळशीचे पान, हे सगळे जसेच्या तसे त्यांनी बाहेर थांबलेल्या हमालाच्या हातात दिले आणि नळावर जाऊन हात धुतले. मी विचारले तेव्हा ते फार संकोचले. ते महानुभाव पंथाचे उपदेशी, म्हणजे उपदेश घेतलेले अनुयायी, होते आणि दुसऱ्या देवतेचा प्रसाद त्यांना वर्ज्य होता. वर्गणीचे एकावन्न रुपये मात्र त्यांनी पाचही वर्षे दिले होते, कारण वहीत साहेबांचे नाव सर्वांत वर होते.

महानुभावांची मंदिरे आपल्या खान्देशात गावोगावी आहेत. मी लहानपणापासून ‘दंडवत प्रणाम’ ऐकत आलो आहे, आणि माझ्या दारात पाच वर्षे उभ्या असलेल्या माणसाची श्रद्धा मला ठाऊक नव्हती. ती विचारण्याची गरजच मला वाटली नव्हती, ही गोष्ट आजही मला सलते. पुढच्या वर्षी मी वही बंद केली. ज्यांना पूजा करायची होती त्यांनी कामाचे तास संपल्यावर आपल्या खर्चाने केली, मीही त्यांत होतो. कोण आले आणि कोण नाही, हे पाहायचे नाही असे मी स्वतःला बजावले होते. दोन जुने सहकारी यावरून बरेच दिवस माझ्यावर नाराज राहिले.

कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, भिलपुऱ्यात मुस्लिम संत लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो, आणि तिथे जमलेला प्रत्येक जण आपल्या पायांनी आलेला असतो. कचेरीत मात्र माणूस पगारासाठी आलेला असतो. वरिष्ठाने तिथे श्रद्धा दाखवताना कनिष्ठापेक्षा दुप्पट जपले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. केरळमधील तीन मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढले गेले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रगीताच्या बाबतीत जे मौन मान्य झाले, ते कचेरीतील आरतीच्या वेळी कोणी पाळले तर त्यावर बोट ठेवण्याचे कारणच उरत नाही.

तुम्ही ओघात असेही लिहिले आहे की, तुमच्या विभागातील मुस्लिम सहकारी शुक्रवारी दुपारी नमाजाला जातो, मग माझ्या अभंगालाच हरकत का. तो जेवणाच्या सुट्टीत जातो आणि कोणाला बरोबर चला म्हणत नाही, हे तुम्हीच सांगितले आहे. त्याच सुट्टीत तुम्ही हरिपाठ म्हणा. तुम्हालाही कोणी अडवणार नाही. ही तुलना मनातून काढून टाका, तिने तुमचेच मन गढूळ होईल.

राहिला वारीच्या रजेचा प्रश्न. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून ज्येष्ठात निघते आणि पंढरपूरला पोहोचायला महिन्याहून अधिक लागतो. नव्या नोकरीत एवढी सलग रजा मिळणार नाही आणि ती मागूही नये. मी बरीच वर्षे एसटीने बीडला जाऊन तिथे दिंडीला मिळत असे, आणि आमच्या फडावरील कोणीही त्याला अर्धी वारी म्हटले नाही. अर्ज चैत्रातच द्या, त्या दिवसांतील आपले काम कोण पाहील ते सहकाऱ्याशी बोलून त्याच अर्जात लिहा, आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’ न लिहिता ‘आषाढी वारी’ असेच लिहा.