'ब्लड ऑफ ईडन' ही व्हँपायरची त्रयी दहावीतल्या मुलीला वाचायला द्यावी का? तिला आवडेल का?

बिनधास्त द्या. ज्युली कागावाची तीन पुस्तकं आहेत: 'द इमॉर्टल रूल्स' (2012), 'द इटर्निटी क्युअर' (2013) आणि 'द फॉरएव्हर साँग' (2014). वाचायची याच क्रमाने, मधूनच उचलू नका.

प्रेमात पडलेले गोरेगोमटे व्हँपायर इथे नाहीत. साथीच्या रोगाने जग उद्ध्वस्त झालंय, शहरं व्हँपायरच्या ताब्यात आहेत. नाव नोंदवलेल्या माणसांनी ठरावीक रक्त द्यायचं, बदल्यात अन्न मिळणार. नायिका ॲली नोंदणी नाकारते, उपाशी फिरते आणि चोरून पुस्तकं जपते, कारण तिथे माणसांना वाचायलाच बंदी आहे! मला ती तिथेच आवडली. पुढे मरणाच्या दारात ती स्वतःच व्हँपायर व्हायचं निवडते आणि खरी गोष्ट सुरू होते: भूक लागलेली असताना, ज्यांच्यावर जीव जडलाय त्यांच्यातच राहायचं कसं? पहिल्या भागातला प्रवास मध्ये थोडा रेंगाळतो, पण सोडू नका. कानिन हा तिचा अबोल गुरू तर माझा सगळ्यात लाडका.

रक्तपात भरपूर आहे, तिसऱ्या भागात जास्तच. मुलगी हळवी असेल तर आधी स्वतः चाळून बघा. इंग्रजी सोपं आहे, लोकलमध्ये उभ्याने वाचतानाही डोक्यात शिरतं. नवी प्रत घेण्याआधी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे किंवा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर एक चक्कर नक्की मारा.