एक मिनिट अडतीस सेकंद

मी समुपदेशक आहे. जानेवारीतला तिसरा रविवार उलटला की पुढचा महिनाभर माझ्याकडे एका ठरावीक तक्रारीची माणसं येतात. मुंबई मॅरेथॉन पळून आलेली. गुडघा, पोटरी घेऊन ती डॉक्टरकडे जातात. माझ्याकडे येताना आकडा घेऊन येतात. आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "मॅडम, हसू नका हं." म्हणजे घरी कुणीतरी हसलेलं असतं.

आकडा बहुधा दोन तासांच्या जरा पलीकडचा. २१.१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत पळायची, यासाठी हौशी धावक वर्षवर्ष घालवतात. ते थोडक्यात हुकलं की विचारतात, एवढ्याशा गोष्टीचं एवढं का लागावं? माझंच काही बिघडलंय का?

या प्रश्नाला मी पूर्वी पटकन उत्तर द्यायचे. आता देत नाही. त्याला कारण एक ताई. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल ते सगळं बदलून, लिहिते आहे. वय शेहेचाळीस, सहकारी बँकेत अधिकारी, राहायला पुण्यात. धावणाऱ्यांच्या ग्रुपवर लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

त्या आल्या तेव्हा शर्यतीला पाच आठवडे होऊन गेले होते. कर्जाच्या फायलीत कागद लावावेत तसं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये प्रमाणपत्र होतं. त्यावर वेळ, २:०१:३८. आदल्या वर्षीची त्यांची वेळ होती २:०९.

मी म्हणाले, "म्हणजे सात-साडेसात मिनिटं कमी झाली की! हे छान नाही का?"

त्यांनी कागद परत फोल्डरमध्ये सरकवला. "तुम्ही पळता का?"

"नाही."

"मग ठीक आहे."

त्या दिवशी पुढे काही झालं नाही. मी झोपेबद्दल, जेवणाबद्दल विचारलं, त्यांनी नीट उत्तरं दिली, फी भरली आणि गेल्या. त्या परत येणार नाहीत असंच मला वाटलं होतं. इतकी वर्षं या खुर्चीत बसूनही समोरच्याचं वाईट वाटणं मला दोन मिनिटं सहन झालं नाही आणि मी घाईनं त्यावर साखर पेरली, हे मला घरी जाताना कळलं.

पण त्या आल्या. आल्याआल्या म्हणाल्या, "तुम्ही निदान एकदाच समजूत घातलीत. बाकीच्यांनी तर यादीच ऐकवली." नवरा म्हणाला, दोन मिनिटांत काय मोठंसं, तेवढा वेळ तर सिग्नलला जातो. बँकेतल्या शिपायानं विचारलं, पहिला नंबर कुणाचा आला. कोचनं अविनाश साबळे सांगितला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा पोरगा टोकियो ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८:१८.१२ मध्ये पळाला, राष्ट्रीय विक्रम केला, आणि तरी अंतिम फेरीत पोचला नाही. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकलं. तो रडत बसला का?

"मी म्हटलं, सर, तो साबळे आहे. मी कॅश डिपार्टमेंटला आहे."

आम्ही दोघी हसलो. पहिल्यांदाच.

मग मी त्यांना म्हटलं, मला यातलं खरंच काही कळत नाही, तुम्ही ती शर्यत मला सुरुवातीपासून सांगा. चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या आणि मी वहीत लिहून घेत होते. दोन तासांच्या आत यायचं तर प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंदांत काढावा लागतो. त्यासाठी ऑगस्टपासून पहाटे साडेचारचा गजर. मंगळवारी इंटरव्हल, म्हणजे मधे दम घेत वेगाचे तुकडे, गुरुवारी टेम्पो, म्हणजे नेटाच्या वेगानं सलग पळणं, शनिवारी तळजाईची टेकडी, रविवारी लाँग रन. पुण्यात जानेवारीच्या पहाटे अंगावर काटा येतो, स्वेटर घालून घराबाहेर पडायचं. मुंबईत माहीमला रेतीबंदरापाशी उभं राहिलं तर शर्यत सुरू व्हायच्या आधीच टी-शर्ट पाठीला चिकटलेला. ऊन म्हणावं तर दोन तासांत पळणाऱ्यांची हाफ सूर्य उगवण्याच्या सुमारास संपतेच. पण हवेत एवढा ओलावा असला की घाम वाळत नाही, नुसता गळतो. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. पुण्याच्या कोरड्या थंडीत कमावलेला वेग मुंबईत जसाच्या तसा वटत नाही.

"वटत नाही" हा शब्द त्यांचाच. चेकसारखा.

शिवाय एक चूक. सी-लिंकवर वारा होता, ढोलताशे, गर्दी, आणि दोन तासांचा झेंडा घेऊन ठरल्या वेगानं पळणारा पेसर डोळ्यांसमोर. त्याच्या पुढे जाऊन पहिले पाच किलोमीटर त्यांनी किलोमीटरला सव्वापाच मिनिटांच्या वेगानं मारले, पुढे पेडर रोडचा चढ आहे, तिथे हे सेकंद कामी येतील म्हणून. धावक याला टाइम बँक करणं म्हणतात. तिथे हे खातं भलतंच चालतं: ठेवलेल्या सेकंदांवर व्याज मिळत नाही, उलट दंड बसतो. "आणि मी बँकेत आहे, मॅडम," त्या म्हणाल्या.

पण खरी गंमत मनगटावरच्या घड्याळाची होती. त्यात अंतर दिसत होतं २१.४१ किलोमीटर आणि सरासरी वेग ५:४१. म्हणजे हवा होता तोच! रस्त्याचं अधिकृत मोजमाप होतं ते माणसाला पळता येईल अशा सगळ्यात छोट्या वाटेनं, प्रत्येक वळण आतून कापत. आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून वर हजारात एक एवढी भर घालतात. आपण मात्र गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे जात, वळणं बाहेरून घेत नागमोडी पळतो. उंच इमारतींच्या मधून जाताना घड्याळही थोडंफार चुकतं. या सगळ्याचे मिळून तीनशे मीटर. घड्याळात २१.१ झाले तेव्हा १:५९:५३ वाजले होते.

"मिस्टर म्हणतात, मग झालंच की. पण ते चालत नाही. फिनिशला वेळ नोंदणाऱ्या मॅटवरून पाय गेला तीच वेळ खरी."

याबाबतीत मी ताईंच्या बाजूची आहे. ज्या खेळात उतरलो त्याचे नियम आपल्या सोयीनं वाकवून समाधान मागू नये. तसं समाधान टिकतही नाही.

दोन तास हा आकडा शरीराला ठाऊक नाही. तासाला साठ मिनिटं माणसानं ठरवली, आणि हे अंतर तर लंडनच्या १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून राजघराण्याच्या बैठकीपर्यंत आखलेल्या मार्गाचं अर्धं. पण मनाला गोल आकडा ठाऊक असतो. पूर्ण मॅरेथॉन पळणाऱ्यांच्या वेळांच्या जवळजवळ एक कोटी नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तीन तास, चार तास अशा टप्प्यांच्या जरा अलीकडे पोचणाऱ्यांची गर्दी, आणि टप्पा ओलांडला की लगेच विरळ. शेवटच्या टप्प्यात माणसं त्या आकड्यासाठी जीव तोडतात. तेव्हा दोन तासांच्या पलीकडचं एक मिनिट आणि अलीकडचं एक मिनिट ही मनाच्या हिशेबात सारखी नसतात. हे कळल्यावर ज्यांचं निम्मं ओझं उतरतं असे धावक मला भेटले आहेत. त्यांना मी तेवढंच सांगते, आणि आणखी एक: पंधरा दिवस नव्या शर्यतीचा फॉर्म भरू नका. सूड उगवायला म्हणून नाव नोंदवलेली शर्यत बहुधा फिजिओच्या टेबलावर संपते. चार-आठ दिवस उदास वाटणं साहजिक आहे. सहा महिने ज्या दिवसाकडे डोळे लावले तो दिवस मागे पडलेला असतो. पण दोन आठवड्यांनंतरही झोप, जेवण, काम यांची घडी बसत नसेल, तर 'हसतील' म्हणून घरात बसू नका.

ताईंची पाच आठवड्यांनंतरही बसली नव्हती. हिशेब तर त्यांना माझ्यापेक्षा चांगला येत होता. दमट हवा, पहिले पाच किलोमीटर, तीनशे मीटर, सगळ्याच्या नोंदी झाल्या होत्या आणि तरी ताळेबंद जुळत नव्हता. मी विचारलं, "दोन तासांच्या आत आला असतात, तर दुसऱ्या दिवशी काय झालं असतं?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गजर बंद."

हळूहळू कळलं ते असं. मुलगी बारावीला. घरात सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, सकाळी सहाला चहा लागतो. नवरा समजूतदार, पण पहाटेची दारं-दिवे-मिक्सर यांना वैतागलेला. ऑगस्टमध्ये एका रात्री बोलाचाली झाली आणि ताईंनी तोडगा काढला: "जानेवारीपर्यंत सांभाळून घ्या. एकदा दोन तासांच्या आत आले की बास." सगळ्यांनी मान्य केलं. म्हणजे तो आकडा नुसतं उद्दिष्ट नव्हतं, घरातल्या करारनाम्यावरची मुदत होती. आता मुदत संपली आणि काम अर्धवट. आणखी वर्ष मागायला तोंड नाही आणि थांबायला मन नाही. शर्यतीहून परत आल्यावर नवऱ्यानं प्रेमानंच विचारलं होतं, "झालं ना एकदाचं?"

मला वाटलं गाठ सापडली. नव्हती. उठता उठता त्या दाराशी थांबल्या. आमच्या धंद्यात महत्त्वाचं बोलणं दाराशीच होतं.

"एक सांगायचं राहिलं. घड्याळात दोन तास पूर्ण झाले तेव्हा मला समोर फिनिशची कमान दिसत होती. तीनशे मीटरही नसतील. डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी... बरं वाटलं. म्हणजे आता थांबावं लागणार नाही, असं. मॅडम, मी मुद्दाम तर सोडलं नाही?"

पाच आठवडे झोप उडवली होती ती या प्रश्नानं. एक मिनिट अडतीस सेकंदांचं दुःख त्या सगळ्यांना सांगू शकत होत्या, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. सहा महिने घराला वेठीला धरलं आणि ऐन वेळी मनातून आपल्यालाच नको होतं, असा त्यांनी स्वतःवर गुन्हा दाखल केला होता.

इथे माझ्या शिक्षणानं मला मोह घातला. अंतर्मन, स्वतःच स्वतःचा घात करणं, छान छान शब्द जिभेवर आले होते. ते मी गिळले, त्याचं श्रेय मघाच्या वहीला. मी त्यांना परत बसवलं, पुढचे क्लायंट पाच मिनिटं थांबले, आणि म्हटलं, "तुमच्या घड्याळात प्रत्येक किलोमीटरची वेळ असते ना? शेवटच्या सहांची वाचून दाखवा."

त्यांनी मोबाईल काढला. पेडर रोडवर ६:०४. उतारावर ५:३७. मग मरीन ड्राइव्हला ५:४९, ५:४८. विसावा ५:४४. एकविसावा ५:३३. त्यापुढचा चारशे मीटरचा तुकडा त्याहूनही वेगात.

"सोडणारं माणूस शेवटचा किलोमीटर असा पळतं?"

त्या आकडे परत परत वाचत राहिल्या. पहिल्या भेटीत मी हिशेब पुढे केला होता तो त्यांना गप्प करायला. या वेळचा त्यांनी स्वतः मागितलेल्या उत्तरासाठी होता. आकडे तसे रोजच त्यांच्या खिशात होते. पण त्या पाच आठवडे एकूण वेळेकडेच बघत होत्या. बरं वाटलं होतं, ते खरंच होतं. पाय मात्र त्या वेळी अजिबात बरं वाटल्यासारखे पळत नव्हते. वाईट वाटणं आणि सुटल्यासारखं वाटणं एकाच क्षणी, एकाच छातीत मावतं; लेकीच्या पाठवणीत आपण सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे आणि तिथे कुणी आईवर संशय घेत नाही.

घरचं बोलणं बाकी होतं. त्याची आम्ही पुढच्या भेटीत तयारी केली. मी एकच गोष्ट धरून बसले, मागताना आकडा लावायचा नाही. "अजून एकच वर्ष, या वेळी नक्की" हे पुन्हा त्याच कर्जाचं नूतनीकरण झालं असतं. मला पळायला आवडतं, म्हणून आठवड्यातल्या इतक्या सकाळी माझ्या, असं सरळ म्हणायचं. एवढं साधं वाक्य म्हणून बघताना त्यांचा आवाज तीनदा बसला. शेहेचाळीस वर्षांत स्वतःसाठी कारण न देता काही मागायचा हा पहिलाच प्रसंग असावा.

घरी ते काही सिनेमासारखं झालं नाही. नवरा म्हणाला, "हे ऑगस्टमध्येच सांगायचंस ना," आणि मग मंगळवारवरून अर्धा तास घासाघीस झाली, कारण त्याचीही मंगळवारी लवकरची मीटिंग. शेवटी बुधवार ठरला. शनिवारची टेकडी बारावीची परीक्षा संपेपर्यंत बंद. सासूबाई मधेच म्हणाल्या, "सहाच्या चहाचं कुणी ठरवलं? मला आपला तुम्ही आणून देता म्हणून मी घेते. गॅस पेटवता येतो मला अजून."

दोन तास ताईंना अजून हवेच आहेत. शेवटच्या भेटीला त्या आल्या तेव्हा फोल्डरमध्ये प्रमाणपत्राऐवजी मार्गाचा नकाशा होता, प्रत्येक वळणाला लाल पेननं आतल्या बाजूला रेघ ओढलेली. वळणं नीट घेतली तर तीनशेतले किती मीटर वाचतील, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हे कोचना विचारा.