वडाभोवतीचे काँक्रीट

प्रश्न : कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी साठ-सत्तर वर्षांचा वड आहे. रस्ता करताना त्याच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले असून खोडावर क्लासच्या जाहिरातींच्या पाट्या ठोकल्या आहेत. आता पारंब्याही छाटल्या जात आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : आपला वड महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, हे आधी पाहावे, कारण उपनगरांत एका गल्लीच्या अंतराने कायदा बदलतो. महापालिका हद्दीत 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू असून, त्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे वा त्याहून जुने झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते. या कायद्यात ‘तोडणे’ यात झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. म्हणून पाट्या, काँक्रीट आणि छाटणी यांची छायाचित्रांसह लेखी तक्रार वृक्ष अधिकाऱ्याकडे करून पोच घ्यावी. (तोंडी तक्रारीला कार्यालयात कुणी विचारत नाही.) उद्या झाड तोडण्याची जाहीर नोटीस लागलीच, तर हरकत मुदतीतच नोंदवावी.

ग्रामपंचायत हद्दीत मात्र 1964 च्या वृक्षतोड कायद्याची अनुसूची आंबा, फणस, जांभूळ, चिंच यांना संरक्षण देते. वड तीत नाही. तेथे ग्रामसभेचा ठराव हाच त्यातल्या त्यात भक्कम आधार आहे.

काँक्रीट रीतसर परवानगीने, पहारीने जपून काढावे. जेसीबी लावल्यास वरवरची मुळे तुटतात. मोकळ्या झालेल्या मातीवर पालापाचोळा पसरावा आणि पार बांधण्याचा मोह टाळावा.