फक्त इम्पोर्टची ओळ बदलू नका

प्रश्न : आंबा बागायतदारांसाठी आम्ही जावामध्ये हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतो. पॉम फाइलमधून (लागणाऱ्या लायब्ररींची यादी) जेयुनिट ४ (टेस्ट लिहिण्याची लायब्ररी) काढून ५ घातलं आणि रिफॅक्टरिंग टूल चालवलं. तरी बऱ्याच फाइलींत जुने स्टॅटिक इम्पोर्ट (क्लासचं नाव न लिहिता मेथड वापरू देणाऱ्या ओळी) तसेच राहिले. ते फाइंड-रिप्लेसने बदलले, तर आता चांगल्या टेस्ट फेल होतायत. काय चुकलं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : क्रम चुकला. स्टॅटिक इम्पोर्ट असला की कोडमध्ये नुसतं 'ॲसर्टइक्वल्स' (दोन गोष्टी सारख्या आहेत का तपासणारी मेथड) दिसतं. ते कोणत्या क्लासचं, हे त्या ओळीत नसतं. ओपनरीराइटसारखं कोड आपोआप बदलणारं टूल ते क्लासपाथवरून (जावा लायब्ररी जिथे शोधतं त्या जागा) शोधतं. जेयुनिट ४ ची जार (लायब्ररीची फाइल) आधीच काढलीत, म्हणून त्याला टाइप सापडला नाही आणि त्याने त्या कोडला हात लावला नाही. हे बरंच झालं; अंदाजाने बदललेला कोड निस्तरणं फार अवघड.

खरा घोळ फाइंड-रिप्लेसचा. जेयुनिट ४ मध्ये मेसेज (टेस्ट पडली तर दिसणारा मजकूर) पहिला असतो, ५ मध्ये शेवटचा. समजा कोड असा आहे :

ॲसर्टइक्वल्स("पेटीवरचं लेबल", "हापूस", पेटी.लेबल())

तिन्ही स्ट्रिंग, त्यामुळे कंपायलर गप्प. पण ५ मध्ये "पेटीवरचं लेबल" ची तुलना थेट "हापूस"शी होते आणि टेस्ट पडते. ॲसर्टट्रूमध्ये मेसेज पहिला राहिला तर निदान कंपाइल एरर तरी येते.

गिटमध्ये बदलाआधीच्या कोडवर मागे जा. जेयुनिट ४ वर टेस्ट-कंपाइल स्वच्छ होतंय याची खात्री करा, मग रेसिपी (टूलमधला बदलांचा तयार संच) चालवा. जुनी डिपेन्डन्सी त्याआधी काढू नका. डिफ (काय बदललं ते दाखवणारी यादी) वाचताना तीन-स्ट्रिंगवाल्या ओळी डोळ्यांखालून घालाच.

काही फाइलींत जुन्या-नव्या दोन्ही क्लासचे स्टारवाले (क्लासमधलं सगळं एकदम घेणारे) इम्पोर्ट एकत्र राहतात. मग दोन्हीकडे सारखीच मेथड सापडते आणि कंपायलर 'ॲम्बिग्युअस' म्हणून अडतो. जुना स्टार काढा. कोड लिहायचं इंटेलिजे हे सॉफ्टवेअर एका क्लासमधली तीन नावं झाली की आपणहून स्टार करतं. सेटिंगमध्ये तो आकडा ९९९ ठेवा, डिफ वाचनीय राहतो.

टेस्ट क्लासमध्ये किंवा त्याच्या सुपरक्लासमध्ये 'फेल' नावाची स्वतःची मेथड असेल, तर स्टॅटिक इम्पोर्टमधली 'फेल' झाकली जाते, पॅरामीटर वेगळे असले तरीही. अशा ठिकाणी स्टॅटिक इम्पोर्ट नको, जेयुनिट ५ च्या क्लासचं नाव लावूनच कॉल करा : ॲसर्शन्स.फेल().