इंजिनियरिंग झालंय, आता परत वकिली कशाला?

"चार वर्षं इंजिनियरिंगला पैसे घातले ते काळा कोट घालायला काय ओ मॅडम?" पोरीला घेऊन माझ्याकडं सल्ल्याला आलेल्या, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टूलरूमला काम करणाऱ्या एका वडिलांनी खुर्चीत टेकायच्या आधीच मला हे विचारलं, पोरगी मागं मान खाली घालून उभी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं येणाऱ्या बऱ्याच घरांतनं हाच प्रश्न येतोय म्हणून तिला विचारून लिहितेय, नाव बदललंय, अश्विनी म्हणूया.

अश्विनी मेकॅनिकल झालेली, दीड वर्ष एका कंपनीत क्वालिटीला होती. तिला पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा हक्क, ट्रेडमार्क म्हणजे धंद्याच्या नावाचा हक्क, आणि डेटाचे कायदे यातली वकिली करायची होती. वडिलांच्या डोक्यात वकील म्हणजे कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून बसलेला माणूस, आणि त्यांची चूक नाही, आपण तेवढंच बघितलंय.

मी त्यांना आधी एवढंच सांगितलं की पेटंट एजंट, म्हणजे लोकांचे पेटंटचे अर्ज लिहून पेटंट ऑफिसपुढं चालवणारा माणूस, व्हायला 1970 च्या पेटंट कायद्यानुसार सायन्स किंवा इंजिनियरिंगची डिग्री लागतीच, नुसता बीए एलएलबी झालेला कितीही हुशार असू दे, त्याला एजंटची परीक्षा देता येत नाही. तुम्ही घातलेल्या पैशानं तिला एका अशा दारापाशी आणून सोडलंय जिथं बरेच वकील पोचतच नाहीत. ते गप्प बसले, पटलं असं नाही.

ते चहाला बाहेर गेल्यावर पोरगी बोलायला लागली. तिची भीती वेगळीच. "मॅडम, दहावीपर्यंत मराठी शाळा माझी, इंग्रजी बोलताना अडखळते, बेंगळूरच्या पोरांसमोर माझं काय होणार?"

मी म्हटलं ते राहू दे, पप्पा कामावर काय करतात ते सांग बघू. तिनं माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि कागदावर फिक्स्चर काढलं, म्हणजे मशीनवर वस्तू घट्ट पकडून ठेवायची चौकट. आधी प्रत्येक कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, चार बोल्ट आवळायला लागायचे, वेळ जायचा, कधी जॉब, म्हणजे तोच भाग, उलटा बसून भोक चुकायचं. पप्पांनी ओढली की आवळणारी एक कॅम लिव्हर आणि जागा धरून ठेवणारी एक लोकेटर पिन घातली, आता एका ओढीत जॉब पकडतोय आणि उलटा बसतच नाही. सगळं मराठीत, पाच मिनिटांत, आणि मला मशीनमधलं काहीही कळत नसताना कळलं. आधी काय होतं, अडचण काय, नवीन काय केलं, त्यानं काय साधलं... पेटंटचा मसुदा असाच लिहितात गं, मी तिला म्हटलं. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो हे खरंय, पण ते इंग्रजी लिहायचं असतंय, मोजून मापून, आणि लिहायची सवय वर्षभरात लागते. एखाद्या वस्तूत नेमकं नवीन काय आहे हे बघणारी नजर मात्र घरातनंच आलेली होती.

कन्नडचं पण स्पष्ट बोलले. पेटंट ऑफिसच्या कामाला कन्नड लागत नाही, कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या ऑफिसकडे जातात, फायलिंग ऑनलाइन होतं. पण बेळगावच्या कोर्टात उभं राहायचं असेल तर कन्नड शीक, त्याला सुट्टी नाही. काम इथंही आहे. कोल्हापुरी चप्पलेचं भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, चार जिल्हे महाराष्ट्राचे आणि चार कर्नाटकाचे मिळून आहे, त्यात आपला बेळगाव आहे, पुढं 2025 च्या जूनमधे मिलानच्या फॅशन शोमधे प्राडा या इटालियन कंपनीनं तसलीच चप्पल दाखवल्यावर अथणी-निपाणीकडच्या कारागिरांना पण प्रश्न पडले, ते समजावून सांगणारं माणूस जवळ नको? कुंदा या आपल्या बेळगावच्या मिठाईचं नाव कुणा एकाचं होत नाही पण दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क होतो, छोट्या दुकानदाराला मालाच्या एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 4500 रुपये, पण सांगणारं कुणी नसतं म्हणून राहून जातं.

मग वाट कशी ठरवली तर नोकरी एकदम सोडायची नाही. पेटंट एजंटच्या परीक्षेला एलएलबी लागत नाही, म्हणून आधी ती. दोन पेपर आणि तोंडी, प्रत्येक पेपरात 50 टक्के आणि एकूण 60 टक्के लागतात, आणि परीक्षा दरवर्षी नेमानं होतेच असं नाही, हे घरात आधीच सांगून ठेवायला लावलं. या कामात जीव रमतोय असं वाटलं तरच तीन वर्षांची एलएलबी, कारण एजंटला ऑफिसपुढं काम करता येतं, कोर्टात उभं राहायला वकीलच लागतो. पहिल्या खेपेला दुसऱ्या पेपरात नापास झाली. रडली. दुसऱ्या खेपेला पास झाली, आता एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

मधे एकदा वडिलांनी तिला विचारलं होतं, माझ्या त्या फिक्स्चरचं पेटंट निघतंय काय गं? तिनं शोधून खरं ते सांगितलं, की कॅमनं पकडायची युक्ती जगात जुनीच आहे आणि तुमचं फिक्स्चर बारा वर्षं सगळ्यांसमोर चाललंय, आता ते नवीन धरत नाहीत. मला वाटलं होतं माणूस खट्टू होईल.

परवा भाजी मार्केटात भेटले. खिशातनं छोटी डायरी काढून दाखवली, नवीन काहीतरी डोक्यात आहे त्यांच्या, पानावर वर तारीख घातलेली. चित्र मात्र हातानं झाकून धरलेलं. "पोरगीनं सांगितलंय की ओ, अर्ज जाईपर्यंत कुणाला दाखवायचं नाही."