दोन आठवड्यांचा स्प्रिंट आणि तीन महिन्यांनी रिलीज: घोडं पेंड खातं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा महिन्यांपूर्वी कंपनीने ॲजाइल (सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत देत, लोकांच्या प्रतिक्रियेनुसार बदलत जायची पद्धत) सुरू केलं, रोज स्टँडअप (छोटी उभ्याने मीटिंग) होतो, दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरलेले टप्पे) आहेत, सगळं काम ‘जिरा’ या कामांची कार्डं बोर्डावर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. तरी वापरणाऱ्याच्या हातात काही पडायचं ते तीन महिन्यांनीच. वर मॅनेजर दोन टीमच्या व्हेलॉसिटीची (टीमने एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटांचं काम पूर्ण केलं त्या आकड्याची) तुलना करतो. सगळीकडे असंच चालतं का, आणि स्क्रम मास्टरचं (स्क्रम ही ॲजाइलची एक पद्धत, ती टीमला नीट पाळायला मदत करणारा) सर्टिफिकेट घ्यावं का?

बऱ्याच ठिकाणी असंच चालतं, सगळीकडे नाही. फरक कुठे पडतो ते सांगतो.

एखादी कंपनी कितपत ॲजाइल आहे हे पाहताना मी मीटिंगा मोजत नाही, दोन गोष्टी विचारतो. डेव्हलपरने केलेला एका ओळीचा बदल वापरणाऱ्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो? आणि लोकांना तो आवडला नाही, तर पुढचं ठरलेलं काम बदलायचा अधिकार टीमजवळच्या कुणाला आहे का? पहिल्याचं उत्तर ‘तीन महिने’ आणि दुसऱ्याचं ‘वर विचारावं लागेल’ असं असेल, तर मधल्या सहा स्प्रिंटांना फारसा अर्थ उरत नाही. जुनाच तीन महिन्यांचा प्लॅन सहा तुकड्यांत कापून बोर्डावर लावलेला असतो.

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे 17 जणांनी बसून ॲजाइलचा जो जाहीरनामा लिहिला त्यात चार मूल्यं आहेत, सोबत बारा तत्त्वं. त्यात स्टँडअप नाही, स्प्रिंट नाही, स्टोरी पॉइंटही (काम किती मोठं याचे अंदाजे आकडे) नाहीत. चालतं सॉफ्टवेअर दोन आठवडे ते दोन महिने एवढ्या अंतराने देत राहा, आणि त्यातलीही कमी मुदत पसंत करा, हे मात्र स्पष्ट लिहिलंय. नेमकं तेच तुमच्याकडे होत नाहीये.

का होत नाही? माझं मत असं की कंपन्यांनी स्क्रम उचललं आणि एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग सोडून दिलं. स्क्रम कॅलेंडरवर आमंत्रणं टाकून सोमवारपासून सुरू करता येतं. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे ॲजाइलच्याच दुसऱ्या एका पद्धतीत, मेहनतीचा भाग आहे: आपोआप चालणाऱ्या टेस्ट, रोज मुख्य शाखेत (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये) कोड मिसळणं, छोटे रिलीज, दोघांनी मिळून कोड लिहिणं. त्याला वेळ आणि पैसा लागतो आणि पहिले काही महिने दाखवायला फारसं काही नसतं. मग होतं असं की जुनं काही मोडलं नाही ना, हे तपासायला क्यूए (तपासणी) टीमला हाताने तीन-तीन आठवडे लागतात. एवढा खर्च दर स्प्रिंटला कोण करणार? म्हणून रिलीज साठवले जातात. तुमचा तीन महिन्यांचा आकडा बहुतेक इथूनच आला असणार.

हे पडताळायचं असेल तर स्प्रिंटच्या आठव्या-नवव्या दिवशी बोर्ड उघडून बघा. ‘टेस्टिंग’ खाली सात कार्डं अडकलेली, टेस्टर एकच, आणि रिकामं बसायला नको म्हणून डेव्हलपरांनी आणखी चार कार्डं उचललेली. सगळे कामात बुडालेले, पण पूर्ण काहीच होत नाही. यामागचं गणित संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्येच सिद्ध केलंय: सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातात घेतलेली कामं भागिले पूर्ण होण्याचा वेग. 12 कार्डं हातात आणि आठवड्याला 4 पूर्ण होत असतील, तर एका कार्डाला सरासरी तीन आठवडे लागणारच. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये ते बसत नाही, मग स्टँडअपमध्ये कुणी कितीही जोरात ‘आज होईल’ म्हणो. उपाय कानबानमध्ये (हातातली कामं मर्यादित ठेवायची पद्धत) आहे, तो स्क्रमसोबतही चालतो: ‘टेस्टिंग’मध्ये एका वेळी तीनच कार्डं. चौथं न्यायची वेळ आली, तर नवीन काम न उचलता डेव्हलपरने टेस्टिंगला हात लावायचा. पहिल्या आठवड्यात याला जाम विरोध होतो, तयारी ठेवा.

दुसरी गोम काम तोडण्यात असते. ‘रिपोर्ट डाउनलोड’ ही स्टोरी (वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं काम) घ्या. बहुतेक टीम आधी डेटाबेसचं टेबल, पुढच्या स्प्रिंटला एपीआय (स्क्रीनला डेटा पुरवणारा कोड), त्यापुढच्या स्प्रिंटला स्क्रीन अशी तोडतात. दोन डेमो होऊन जातात आणि दाखवायला काही नसतं. त्याऐवजी पहिल्याच स्प्रिंटला फक्त चालू महिन्याचा, एकाच फॉरमॅटमधला, एकही फिल्टर नसलेला रिपोर्ट द्या. दिसायला गरीब, पण बटण दाबलं की फाइल उतरते. वापरणारा लगेच सांगतो, ‘फिल्टर राहू द्या, मला मागच्या महिन्याशी तुलना हवी.’ फिल्टरचं काम वाचलं.

‘पण आमच्या ग्राहकांना दर आठवड्याला बदल नकोत’ असं उत्तर वरून येईल. रास्त आहे. त्यासाठी फीचर फ्लॅग असतात: कोड प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर) जातो, सुविधा बंद राहते, आधी मोजक्या लोकांना चालू करायची, नंतर सगळ्यांना. डिप्लॉय करणं (कोड तिथे चढवणं) आणि ग्राहकाला दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पटलं की अर्धा वाद मिटतो. (जुने फ्लॅग वेळेवर काढून टाका, नाहीतर वर्षभराने कोडमध्ये जंगल माजतं.)

आता व्हेलॉसिटी. पासवर्ड रीसेटची लिंक एका टीमसाठी 3 पॉइंटची, दुसरीसाठी 5 ची. दोघी आपापल्या जागी बरोबर, कारण पॉइंट हे त्या टीमने आपल्याच जुन्या कामाशी ताडून केलेले अंदाज असतात. त्यांची तुलना सुरू झाली की दोन-तीन स्प्रिंटांत 3 चे 5 होतात, 5 चे 8 होतात, आलेख वर चढतो, काम तेवढंच राहतं. स्क्रमचे अधिकृत नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडच्या 2020 च्या आवृत्तीत स्टोरी पॉइंट किंवा व्हेलॉसिटीचा उल्लेखही नाही. आणि जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी रॉन जेफ्रीज यांनीच लिहून ठेवलंय की पॉइंट बहुधा आपणच शोधले, आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं.

मोठ्या कंपन्यांबद्दल थोडक्यात. स्पॉटिफाय या संगीत कंपनीच्या टीम रचायच्या पद्धतीवरचा लेख 2012 चा. ही फक्त आजची स्थिती आहे, आमचा प्रवास चालू आहे, असं त्याच लेखात म्हटलं होतं. तरी जगभर टीमांची नावं बदलून स्पॉटिफायसारखी ‘स्क्वॉड’ झाली, कोण कुणाला रिपोर्ट करतं ते मात्र तसंच राहिलं. सेफमध्ये (SAFe, मोठ्या कंपन्यांसाठीची ॲजाइल चौकट) 50 ते 125 माणसं मिळून 8 ते 12 आठवड्यांचं नियोजन करतात. हार्डवेअर किंवा कडक नियमांमुळे टीम एकमेकींत खरंच अडकलेल्या असतील तर त्याचा उपयोग होतो. एरवी मला तो तिमाही प्लॅनचाच नवा अवतार वाटतो.

तुमच्या हातात काय आहे? पुढच्या रेट्रोत (स्प्रिंटअखेरच्या आढावा मीटिंगमध्ये) दहा तक्रारी मांडू नका. मागच्या रिलीजमधलं एकच कार्ड घ्या आणि त्याच्या तारखा लिहा: काम कधी सुरू झालं, कोडचा रिव्ह्यू कधी, कोड कधी मिसळला, टेस्टिंग कधी लागलं, ग्राहकाकडे कधी गेलं. बहुतेक दिवस कामात न जाता रांगेत गेलेले दिसतील. तो कागद मॅनेजरपुढे ठेवा. पॉइंटवरून वाद घालता येतो, तारखांवरून जड जातं.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर नोकरी बदलताना रेझ्युमे चाळणाऱ्याच्या नजरेत यावं एवढ्यासाठी हवं असेल तर जरूर घ्या. शिकण्यासाठी आधी स्क्रम गाइड वाचा, फुकट आहे आणि जेमतेम 13 पानांचं आहे. तासाभरात संपेल.